मोठ्या टाइपाचं पवित्र शास्त्र, तीन महिने वापरून

४० वर्षं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, ही मोठ्याने वाचायची आणि मी ऐकायचो. ही गेली आणि पहिल्याच आठवड्यात कळलं, की जुन्या प्रतीतलं अक्षर मला भिंगातूनही लागत नाही. म्हणून मोठ्या टाइपाची, संदर्भ आणि शब्दसूची असलेली प्रत मागवली. प्रकाशकाचं नाव घेत नाही, कारण खाली तक्रारी आहेत आणि जन्मभर मुद्रितं तपासून माझी नजर जरा खवचट झाली आहे.

टाइप उत्तम. जोडाक्षरं फुटलेली नाहीत, रफार शेजाऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसत नाही. बांधणी शिवलेली आहे. मधे कुठेही उघडा, पान आपोआप मिटत नाही. कागद मात्र फारच पातळ. पित्याच्या घरात राहायच्या जागा पुष्कळ आहेत, हे योहानाच्या १४व्या अध्यायातलं वचन वाचताना मागच्या बाजूचं, पेत्र येशूला नाकारील हे भाकीत आणि त्यातला कोंबडा आरपार दिसतो.

आता शब्दसूची. खरं तर तिच्यासाठीच ही प्रत घेतली. मला एवढंच बघायचं होतं, की ही आत्ता कुठे आहे आणि मला भेटणार का. ‘स्वर्ग’ काढला. सव्वा रकाना नोंदी. बोट ठेवून एकेक पाहिली, तर बऱ्याचशा मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या, म्हणजे येशूच्या चरित्रातल्या, ‘स्वर्गाच्या राज्या’च्या. मार्क आणि लूक त्यालाच ‘देवाचं राज्य’ म्हणतात; म्हणजे ती देवाच्या सत्तेची गोष्ट, मेल्यावर जायच्या गावाची नव्हे. क्रुसावरच्या चोराला येशू ‘आज’ म्हणतो खरा, पण तिथे शब्द ‘सुखलोक’, आणि तो या नोंदीत नाहीच. प्रेषित पौल फिलिप्पैकरांना पत्रात लिहितो, की इथून निघून ख्रिस्ताजवळ असावं. जागेचं वर्णन नाही, नुसती सोबत.

आणि पौलाच्याच पत्रातला १ करिंथ १५! एवढा मोठा अध्याय, पण आत्मे वर उडून जाण्याबद्दल त्यात काही नाही. पौल दाण्याबद्दल बोलतो. पेरला की दाणा मरतो, उगवतं ते निराळं दिसतं, तरी त्या दाण्याचंच असतं. उपासनेत इतकी वर्षं ‘शरीराचं पुनरुत्थान’ म्हणत आलो, अर्थाकडे लक्ष कधी दिलं नव्हतं. ‘स्वर्ग’च्या नोंदीखाली ‘पुनरुत्थान पाहा’ एवढे दोन शब्द छापले असते, तर माझे १५ दिवस वाचले असते.

मोठी चूक प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात. तिथे माणसं वर जात नाहीत, नवं यरुशलेम हे नगरच खाली उतरतं. लांबी, रुंदी, उंची सारखीच, १२,००० स्टेडिया, म्हणजे सुमारे २,२०० किलोमीटर. तळटीपेत छापलंय २२०. एक शून्य गळालं आणि नवं यरुशलेम दहापट आखडलं! माझ्या हाताखालून गेलं असतं तर त्या रात्री मला झोप लागली नसती.

शेवटी ‘मृत्यूनंतर’ नावाचा दोन पानी लेख जोडलाय. कॅथलिकांचं शुद्धीस्थान, म्हणजे स्वर्गाआधी आत्मे शुद्ध होतात ती अवस्था, एका ओळीत उरकलंय, ते बरं नाही. पण त्यातली दोन पोपांची हकीकत वाचण्याजोगी. २२वा जॉन प्रवचनांत सांगायचा, की नीतिमानांच्या आत्म्यांनाही देवाचं पूर्ण दर्शन शेवटच्या दिवसापर्यंत नाही. १३३४ मध्ये मृत्युशय्येवर त्याने ते मागे घेतलं. १३३६ मध्ये त्याच्यामागून आलेल्या १२व्या बेनेडिक्टने जाहीर केलं, की शुद्ध झालेल्यांना ते आधीच होतं. पोपाला शेवटच्या घडीला मत बदलावं लागलं, तिथे माझ्यासारख्याने तीन महिने चाचपडलं तर काय नवल.

मला अडलं ते मत्तय २२:३० पाशी. पुनरुत्थानानंतर लग्न करत नाहीत की करून देत नाहीत. मी पुस्तक मिटलं, दोन दिवस उघडलं नाही. समासात संदर्भ आहेत मार्क आणि लूकचे, तेच वचन पुन्हा. मला हवा होता तो मीच शिसपेन्सिलीने लिहिलाय, योहान २०:१६. कबरेपाशी मग्दालीया मरीयेला पुन्हा उठलेला येशू माळी वाटतो. मग तो तिला नावाने हाक मारतो.

पाचपैकी साडेतीन. समासात काही लिहायचंच असेल तर पेन वापरू नका, शाई मागे फुटते.