नवं स्वस्तातलं पॉइंट टू-टू पिस्तूल: काही महिने वापरल्यावर, आणि सगळं भांडण एका मॅगझिनचं

पिस्तूल सारखं अडकत होतं आणि दोष शेवटी मॅगझिनचा, म्हणजे गोळ्या भरायच्या पेटीचा निघाला. हे पहिल्याच ओळीत सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी इथेच थांबून आपलं मॅगझिन उजेडात धरून बघावं. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहिते आहे. हा दोष सापडेपर्यंत गोळ्यांच्या डब्यांवर, सर्व्हिसच्या खेपांवर आणि वाया गेलेल्या सरावावर जो खर्च झाला, तो पिस्तुलावर वाचवलेल्या पैशांच्या जवळपास जाऊन पोचला, आणि याचा मला मनापासून राग आहे.

पिस्तूल कुठल्या वर्गातलं ते तुमच्या लक्षात येईल: पॉइंट टू-टू एलआर (लाँग रायफल, हे छोट्या काडतुसाचं नाव), साधी ब्लोबॅक यंत्रणा, फ्रेमला पक्की बसवलेली नळी, पॉलिमरची फ्रेम, दहा राउंडचं, म्हणजे दहा गोळ्यांचं मॅगझिन, सरकवता येणारी मागची साइट (नेम धरायची खूण). २५ मीटर नेमबाजीत नव्याने उतरणारे आणि मॅच पिस्तूल घेण्याची ऐपत नसलेले नेमबाज बहुधा हेच घेतात. मीही त्यासाठीच घेतलं.

नळी उत्तम आहे, त्याबद्दल एक शब्दही वाईट लिहिणार नाही. २५ मीटरच्या प्रिसिजन टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं असतं. टेकूवर हात ठेवून शांतपणे मारलं की पाचही गोळ्या त्यात बसतात. या वर्गातल्या पिस्तुलाकडून माझी एवढी अपेक्षा नव्हती. चाप जड आहे, सुरुवातीला खरखरतोही, पण स्पर्धेच्या नियमातलं १००० ग्रॅमचं किमान वजन तो आरामात उचलतो आणि महिन्याभरात बराच मोकळा झाला. ग्रिप ठीक. साइटचा स्क्रू अधूनमधून सैल होतो, त्याला थ्रेडलॉकरचा (स्क्रू धरून ठेवणाऱ्या गोंदाचा) एक थेंब पुरला.

आता अडकण्याचं. तीन प्रकार होते. पहिला आणि सगळ्यात जास्त वेळा होणारा म्हणजे पुढची गोळी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकातल्या तिच्या जागेत) न जाता तिचं टोक रॅम्पवर (चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर) आपटून थांबायचं आणि स्लाइड (मागेपुढे सरकणारा वरचा भाग) अर्धवट उघडी राहायची. दुसरा, रिकामं काडतूस बाहेर फेकलं न जाता स्लाइडमध्ये उभं अडकायचं, ज्याला सगळे स्टोव्हपाइप म्हणतात. तिसरा, चाप ओढला की नुसतं ‘टिक’.

पहिल्या महिन्यात माझं मत असं होतं की गोळ्या चुकीच्या आहेत. या मताला आधारही होता. ब्लोबॅक पिस्तुलात कुठलंही लॉक नसतं. काडतूस मागे ढकललं जातं, ते स्लाइडला मागे ढकलतं, आणि स्लाइडचं वजन व स्प्रिंग मिळून तो धक्का आवरतात. कारखाना स्प्रिंग निवडतो ती हाय व्हेलॉसिटी गोळीलाही पुरेल अशी, म्हणजे थोडी कडक. लांब नळीतून हाय व्हेलॉसिटी गोळी साधारण ३८० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास जाते आणि स्टँडर्ड व्हेलॉसिटी ३२० ते ३३० च्या घरात. वेगातला फरक आकड्यात लहान वाटतो, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे स्लाइडला तो चांगलाच जाणवतो. टार्गेटवाले आपण स्टँडर्डच वापरतो. नव्या, घट्ट पिस्तुलात ती स्लाइडला पूर्ण मागे नेत नाही, आणि रिकामं काडतूस निघता निघता अडकतं.

म्हणून मी वेगवेगळ्या डब्यांतल्या गोळ्या मारून पाहिल्या. हाय व्हेलॉसिटीने स्टोव्हपाइप जवळजवळ बंद झाले. काही आठवड्यांनी, स्प्रिंग थोडी बसल्यावर, स्टँडर्डनेही ते दिसेनासे झाले. म्हणजे दुसऱ्या प्रकाराचं उत्तर गोळी आणि थोडा धीर हेच होतं. पहिला प्रकार मात्र जागचा हलला नाही. उलट जोरदार गोळीने तो वाढलाच, कारण स्लाइड वेगाने परत येत होती आणि मॅगझिनला पुढचा राउंड वर उचलायला वेळ कमी मिळत होता.

मग रेंजवर ऐकायला मिळणारं नेहमीचं वाक्य आलं: मनगट सैल आहे, म्हणून अडकतं. आमच्या सरांनी वाद घातला नाही. माझ्या हातातून पिस्तूल घेतलं, तेच मॅगझिन भरलं आणि स्वतः मारलं. त्यांच्याही हातात दुसराच राउंड रॅम्पवर आपटून थांबला. “तुझ्या मनगटाला आजपासून कुणी काही म्हणायचं नाही,” ते म्हणाले, “आता वहीत लिहायला लाग.”

त्या वहीने प्रकरण सुटलं. प्रत्येक अडकण्यापुढे चार गोष्टी लिहायच्या: कुठली गोळी, मॅगझिनमधली कितवी, कसं अडकलं, आणि पिस्तूल साफ करून किती वेळ झाला. थोड्याच पानांत चित्र स्पष्ट झालं. मॅगझिनमध्ये पाच राउंड भरले की दुसरा किंवा तिसरा अडकतो. पहिला कधीच नाही, शेवटचा कधीच नाही. साफ केलेलं असो वा नसो, गोळी कुठलीही असो. नळीला, रॅम्पला, एक्स्ट्रॅक्टरला (रिकामं काडतूस ओढणाऱ्या आकड्याला) कितवा राउंड आहे हे कळत नाही. ते फक्त मॅगझिनला कळतं.

इथे थोडं थांबून या काडतुसाबद्दल लिहिते, कारण हे समजल्याशिवाय मॅगझिनवर इतका वेळ का घालवायचा ते पटणार नाही. पॉइंट टू-टू एलआर १८८७ चं आहे. तेव्हा अर्धस्वयंचलित पिस्तूल बाजारातच नव्हतं. मॅगझिनमध्ये एकावर एक रचायला ते मुळात बनवलेलंच नाही. त्याचा रिम, म्हणजे बुडाची कडा, साधारण ७.१ मिलिमीटर व्यासाचा आणि अंग ५.७ च्या आसपास, त्यामुळे रिम चहूबाजूंनी बाहेर येतो. रिम असलेली काडतुसं एकावर एक ठेवली की मागची बाजू जाड होते आणि रास पुढे झुकते. वरच्या काडतुसाचा रिम खालच्याच्या रिमच्या पुढे हवा. तो मागे गेला की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि वरचं पुढे सरकताना खालच्याला ओढत नेतं. त्याचं टोक मग खाली कलतं. त्यात गोळी मऊ शिशाची आणि वर मेणासारखं वंगण. एकदा रॅम्पवर आपटली की तिचं नाक चपटं होतं, आणि तीच गोळी पुन्हा भरली तर अचूकतेची अपेक्षा ठेवू नये.

हे सगळं सांभाळायचं काम कोण करतं? पत्र्याच्या दोन वाकवलेल्या कडा, म्हणजे फीड लिप. काडतूस किती वेळ धरून ठेवायचं, कुठल्या क्षणी सोडायचं, सोडताना टोक किती वर असायला हवं, हे त्या दोन कडा ठरवतात. लवकर सोडलं तर राउंड उडून वाकडा बसतो, उशिरा सोडलं तर टोक खाली राहून रॅम्पवर आपटतं. माझ्या मॅगझिनची उजवी कड डावीपेक्षा आत वाकलेली होती आणि तिच्या आतल्या अंगाला पत्रा कापल्याची धार तशीच होती, बोट फिरवलं की लागणारी. फॉलोअर (गोळ्यांना खालून वर ढकलणारा भाग) एका बाजूला कलत होता. उजेडात धरून बघितलं की हे दिसतं, त्यासाठी कुठलंही उपकरण लागत नाही. आणि हे कारखान्यातून तपासून बाहेर पडलेलं मॅगझिन! पिस्तुलाच्या नळीवर मन लावून काम करायचं आणि जो भाग प्रत्येक गोळीला हात लावतो तिथे धारसुद्धा घासायची नाही, हे मला पटतच नाही. सोबत दुसरं मॅगझिनही देत नाहीत, म्हणजे नेमबाजाला तुलना करायला काही हातात नसतं, आणि तो बिचारा महिनोन् महिने आपल्या मनगटाला आणि गोळ्यांना दोष देत बसतो.

पक्कडीने कड बाहेर वाकवण्याचा सल्ला दोघा-तिघांनी दिला. मी तो घेतला नाही आणि तुम्हीही घेऊ नका. तो पत्रा कडक केलेला असतो, पुन्हा वाकवताना सूक्ष्म तडा जाऊ शकतो, आणि एकदा हात लावला की वॉरंटीचं बोलणंच संपतं.

सर्व्हिसबद्दल जे घडलं ते जसंच्या तसं. पिस्तूल जमा करताना मला सांगण्यात आलं की फक्त पिस्तूल द्या, मॅगझिन नको, सुटे भाग आम्ही घेत नाही. काही आठवड्यांनी पिस्तूल परत मिळालं. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं: तपासले, साफ केले, तेल दिले, दोष आढळला नाही, शिफारस केलेला दारूगोळा वापरावा. मी फोन केला.

“मॅडम, आमच्याकडे सगळे राउंड व्यवस्थित चालले.”

“कुठल्या मॅगझिनने चालवले?”

“आमच्या टेस्टिंगच्या मॅगझिनने.”

दोष ज्या भागात आहे तो भाग घ्यायचा नाही, आपल्याकडचा चांगला भाग लावून चाचणी करायची, आणि ग्राहकाला लिहून द्यायचं की दोष नाही. त्या फोननंतर मी शांतपणे वहीच्या पानांचे फोटो, दोन्ही कडांचे जवळून काढलेले फोटो आणि दुसरा राउंड अडकल्याचा व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं की मॅगझिन झिजणारी वस्तू आहे, वॉरंटीत बसत नाही. मी विचारलं की डबा उघडल्या दिवसापासून जी अशीच आहे ती झिजली कधी? या प्रश्नाला कागदावर उत्तर मिळालं नाही, पण प्रकरण वरच्या तंत्रज्ञाकडे गेलं. त्याने फोटो नीट बघितले, मॅगझिन मागवून घेतलं आणि बदली दिलं. त्या माणसाबद्दल माझ्या मनात आदर आहे. तो पहिल्या दिवशीच भेटायला हवा होता.

नवं मॅगझिन जुन्याशेजारी ठेवलं तर कडांचा आकारच निराळा आहे. दोन्ही सारख्या, पुढे थोड्या उघडत जाणाऱ्या, आतून गुळगुळीत. तळाच्या प्लेटवरचा छापही बदललेला आहे. म्हणजे कारखान्याने सुधारणा केली होती, फक्त जुना माल विकत घेतलेल्यांना कुणी सांगितलं नाही. या मॅगझिनने पिस्तूल अक्षरशः बदललं. रॅम्पवर आपटणं थांबलं. २५ मीटरच्या रॅपिडमध्ये, म्हणजे झटपट मारायच्या फेरीत, टार्गेट ३ सेकंद समोर येतं आणि ७ सेकंद फिरून राहतं. पूर्वी मी ते ७ सेकंद पुढचा राउंड चेंबरमध्ये गेला का या काळजीत घालवायचे. आता श्वासाकडे लक्ष देता येतं. स्कोअरवर त्याचा परिणाम लगेच दिसला, आणि पहिल्यांदा या पिस्तुलाबद्दल खरा आनंद झाला.

भरताना एक काळजी मी अजूनही घेते. मॅगझिनच्या बाजूचं बटण एकदम तळापर्यंत ओढून काडतुसं आत सोडत नाही, तसं केलं की रिम मागेपुढे होतात. एका राउंडपुरतं दाबायचं, एक ठेवायचा, मग पुढचा.

तिसऱ्या प्रकाराबद्दल, म्हणजे ‘टिक’बद्दल थोडक्यात. रिमफायरमध्ये (पिन रिमवर आदळून पेटणाऱ्या अशा काडतुसात) प्रायमरचं, म्हणजे ठिणगी देणारं मिश्रण रिमच्या आत फिरवून बसवलेलं असतं, एखाद्या जागी ते कमी पडू शकतं. असा राउंड फिरवून पुन्हा भरला आणि उडाला, तर बहुधा गोळीचा दोष. पण एकामागून एक टिक व्हायला लागलं तर चेंबर बघा. मेण आणि जळका मळ साचला की काडतूस शेवटपर्यंत बसत नाही, आणि फायरिंग पिनचा मार ते पुढे ढकलण्यातच खर्च होतो. माझ्याकडे तेच होतं. चेंबर नीट घासल्यावर तक्रार गेली. टिक झालं की पिस्तूल टार्गेटच्या दिशेने धरून किमान ३० सेकंद थांबायचं, लगेच स्लाइड ओढायची नाही. आणि आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर पुढची गोळी मारायचीच नाही, रिकामं करून नळी मोकळी आहे का ते बघायचं. ड्राय फायर (गोळीशिवाय चाप ओढायचा सराव) स्नॅप कॅप, म्हणजे नकली काडतूस, घालूनच, नाहीतर पिन चेंबरच्या काठावर आपटून तिथे कड येते आणि मग काडतूस बाहेर निघायला त्रास देतं.

मॅच खेळणाऱ्यांनी एक नियम डोक्यात ठेवावा. अडकलं की सवयीने हात स्लाइडकडे जातो. रेंज ऑफिसरने बघण्याआधी तुम्ही यंत्रणेला हात लावलात तर तो बिघाड ग्राह्य धरत नाहीत. पिस्तूल समोरच धरायचं, पकड सोडायची नाही, मोकळा हात वर करायचा. मॅगझिन नीट न बसवल्यामुळे गळून पडलं तर तेही ग्राह्य नाही, म्हणून या पिस्तुलात मॅगझिन आत ढकलल्यावर एकदा खाली ओढून बघाच, कारण त्याचं कॅच (धरून ठेवणारी खिटी) मऊ आहे. माझी उरलेली तक्रार सध्या तेवढीच.

आत्ता घेत असाल तर विक्रेत्यासमोरच मॅगझिन काढून दोन्ही कडा समान आहेत का ते बघा, आतून बोट फिरवा, फॉलोअर सरळ वरखाली होतो का ते दाबून पाहा, तळाच्या प्लेटवरचा छाप टिपून घ्या आणि दुसरं मॅगझिन त्याच वेळी मागा. सर्व्हिसला द्यायची वेळ आली तर मॅगझिन सोबत घेतल्याची नोंद पावतीवर करून घेतल्याशिवाय पिस्तूल हातातून सोडू नका.