जुनी एमजीबी बडोद्यात घेताना
एमजीबी म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. १७९८ सीसीचं इंजिन राकट, दुरुस्तीला सोपं. भाव ठरतो तो पत्र्यावर. वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, बराच भार दाराखालच्या सिलवर, म्हणजे पत्र्याच्या उंबरठ्यावर. आपल्याकडच्या पावसाळ्यात गंज तिथेच आतून धरतो. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. चिकटलं नाही, तर आत पुट्टी! मग जॅक लावून दार उघडझाप करून बघा. अडकलं तर सिल कुजून बॉडी वाकतेय, सरळ नमस्कार करून निघा. तारांची चाकं पुढे-मागे घेताना खट् वाजली तर स्प्लाइन, म्हणजे चाक हबवर पकडून ठेवणारे दाते, झिजलेत. हा खर्च किमतीतून वजा करा. १९७४ पर्यंतच्या क्रोम बंपरला जास्त भाव, आणि तो रास्तच. त्यानंतरची रबर बंपरवाली उंच केलेली, वळणावर डुलते. पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला विंटेज नोंदणी मिळू शकते, पण मग ती रोज शहरातल्या मांडवीला न्यायची नाही.