नौपाड्यातलं जुन्या कार्डांचं दुकान: माल भारी, भाव जरा चढे

ठाण्यात बेसबॉल कार्डं, म्हणजे खेळाडूंचे फोटो छापलेली, लोक जमवतात ती कार्डं, मिळतात यावर माझा विश्वासच नव्हता, पण गोखले रोडच्या आतल्या गल्लीत नाणी आणि पोस्टाची तिकिटं विकणारं एक छोटंसं दुकान आहे, तिथे विचारलं की काका मागच्या कपाटातून फाईल काढतात आणि मग निघायचं मनच होत नाही. बेसबॉल मला अजून धड कळत नाही, तरीही! खरी मजा छपाईत गंडलेल्या कार्डांची, म्हणजे टॉप्स या कार्ड छापणाऱ्या कंपनीच्या १९५७ च्या सेटमध्ये हँक एरनचा फोटो उलटा छापला गेला आणि उजवा माणूस चक्क डावरा दिसतो, १९९० च्या फ्रँक थॉमसच्या काही कार्डांवर नावच नाही, आणि नेमकी तीच महाग. अशी गंडलेली कार्डं काकांकडे नाहीत पण किस्से सगळे पाठ. सिगारेटच्या पाकिटातून यायचं ते होनस वॅग्नरचं कार्ड, २०२२ मध्ये एक साडेबहात्तर लाख डॉलरला गेलं, त्याची रीप्रिंट आहे आणि ती रीप्रिंट आहे हे ते स्वतःहून सांगतात, हे आवडलं.

भाव मात्र पटला नाही, कारण १९८०-९० च्या दशकातली कार्डं कंपन्यांनी भरमसाट छापलीत, दुर्मिळ वगैरे काही नाही, त्यामुळे घासाघीस कराच. पावसाळ्यात घेत असाल तर कार्ड बाहेर काढून कोपरे बघा, दमटपणाने वाकलेली असतात. जीपे चालतं, पार्किंग विसरा.