‘फर्स्ट कॉपी’ गिब्सन, एपिफोन की पॅसिफिका? ३५ हजारांत इलेक्ट्रिक गिटार घेताना

बारावीची परीक्षा संपली की माझ्या गिटार क्लासमधला कोणी ना कोणी मोबाइलवर फोटो घेऊन येतोच. सनबर्स्ट रंगाची चकचकीत लेस पॉल गिटार, हेडस्टॉकवर, म्हणजे मानेच्या टोकाला, ‘गिब्सन’ असं नाव, किंमत ३५ हजार. “ताई, दुकानदार म्हणतो फर्स्ट कॉपी आहे, आवाजात काही फरक नाही. घेऊ का?”

नको घेऊस, असं मी लगेच सांगते. पण नुसत्या नकाराने भागत नाही. वर्षभर साठवलेले पैसे असतात, आणि तेवढ्यात दुसरं काय मिळतं हे बहुतेकांना माहीत नसतं.

लेस पॉल हे मॉडेल गिब्सन या अमेरिकन कंपनीने १९५२ साली आणलं. अमेरिकेत नॅशव्हिलला बनणारी खरी लेस पॉल स्टँडर्ड आपल्याकडे दोन लाखांच्या बरीच वर जाते, म्हणजे ३५ हजारांत नवी खरी गिब्सन स्टँडर्ड मिळणं शक्यच नाही. पण स्वस्तातली हक्काची लेस पॉल मिळते. एपिफोन ही कंपनी १९५७ पासून गिब्सनच्याच मालकीची आहे. तोच आकार, तीच रचना ती आशियातल्या कारखान्यांत बनवून स्वतःच्या नावाने विकते.

आकार सारखा असणं हा गुन्हा नाही, हे मी मुलांना आवर्जून सांगते. सत्तरच्या दशकात जपानी कंपन्या लेस पॉलची हुबेहूब नक्कल करायच्या. हेडस्टॉकच्या आकारावरून १९७७ मध्ये अमेरिकेत आयबानेझ या जपानी कंपनीच्या वितरकावर खटला झाला, तो कोर्टाबाहेर मिटला. पण त्या गिटारींवर नाव आयबानेझचंच होतं, आणि आज ती कंपनी स्वतःच्या डिझाइनसाठी ओळखली जाते. आपल्याकडे कोलकात्याची ‘गिवसन’ कित्येकांची पहिली गिटार होती. नाव ऐकून गिब्सन आठवतं खरं, पण अक्षरं वेगळी आहेत आणि गिटार कोणाची हे त्यावर लिहिलेलं असतं. ‘फर्स्ट कॉपी’वर दुसऱ्याचं नाव असतं, बनवणाऱ्याचा पत्ता कुठेच नसतो.

मागच्या वर्षी एक विद्यार्थी अशी गिटार घेऊनच क्लासला आला. आम्ही ती टेबलावर ठेवली आणि शांतपणे पाहिली. हेडस्टॉकवरच्या घंटेच्या आकाराच्या झाकणाला तीन स्क्रू होते, गिब्सनला दोन असतात. झाकण काढलं तर आत ट्रस रॉडला, म्हणजे मान सरळ ठेवणाऱ्या धातूच्या सळईला, ॲलन कीचं भोक. गिब्सनमध्ये तिथे षटकोनी पितळी नट असतो. मानेच्या कडेने बोट फिरवलं तर फ्रेटची, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं करवतीसारखी टोचली, कारण फ्रेट कडेच्या पांढऱ्या पट्टीच्या (बाइंडिंगच्या) वरून कडेपर्यंत आले होते. लेस पॉल स्टँडर्डमध्ये सहसा बाइंडिंगच फ्रेटच्या टोकाला झाकतं. ओलसर फडकं फ्रेटबोर्डवर फिरवलं, ते काळं झालं. रोझवूड म्हणून विकलेलं ते फिकट लाकूड होतं, वरून रंग मारलेलं.

मग मागचा क्रमांक पाहिला. १९७७ ते २००५ च्या काळातल्या नेहमीच्या गिब्सनवर आठ आकडे असतात. पहिला आणि पाचवा मिळून वर्ष, मधले तीन म्हणजे त्या वर्षातला कितवा दिवस. दुकानदाराने गिटार १९९२ ची म्हणून सांगितली होती आणि क्रमांक सुरू होत होता ९४५८२ ने. म्हणजे वर्षाचा ४५८वा दिवस. तो मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. पण क्रमांक बरोबर निघाला तरी निर्धास्त होऊ नका. खऱ्या गिटारीचा क्रमांक उचलून शेकडो खोट्या गिटारींवर छापता येतो.

एक मान्य करायला हवं. अशा सगळ्याच गिटारी वाजवायला भिकार नसतात. एखादी बरी निघते, ॲम्पला लावली की दणकून वाजते. अडचण ही की तुमच्या हातात कोणती येईल हे दुकानदारालाही माहीत नसतं. आत कोणतं लाकूड आहे, पिकअप (तारांची कंपनं पकडणारे भाग) कोणाचे आहेत, ट्रस रॉड फिरतो तरी का? कोकणात, मुंबईत पावसाळ्याच्या दमट हवेत मान हलतेच आणि ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, बिघडते, तेव्हा ट्रस रॉड फिरवून ती सरळ करावी लागते. रॉड अडकलेला निघाला तर गिटार भिंतीवर टांगण्यापुरती उरते आणि वॉरंटी मागायला जागा नसते.

याच पैशांत माझी पहिली पसंती यामाहा पॅसिफिका ०१२ ला. ब्रिजपाशी, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर टेकतात तिथे, हंबकर आणि पुढे दोन सिंगल कॉइल असे पिकअप, त्यामुळे रॉकचा जाड आवाजही मिळतो आणि गाण्यामागे वाजवायला स्वच्छ आवाजही. अजून शैली ठरली नसेल तर हीच घ्या. उरलेल्या पैशांत छोटा ॲम्प येतो आणि चांगला सेटअपही, म्हणजे गिटारची नीट जुळणी, होतो. फेंडर या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या गिटारींचा आवाज मनात बसला असेल तर स्क्वायर घ्या, तो फेंडरचाच स्वस्तातला ब्रँड आहे.

ज्याला लेस पॉलच हवी, त्याच्यासाठी एपिफोनची लेस पॉल स्पेशल टू. तिची मान चिकटवलेली नसून बोल्टने जोडलेली असते आणि बांधणी साधी असते, हे लक्षात ठेवा. पण दोन हंबकर आहेत आणि स्केल (तारेची वाजणारी लांबी) गिब्सनचंच, पावणेपंचवीस इंच. फेंडरच्या स्ट्रॅट मॉडेलच्या साडेपंचवीस इंचांपुढे तारा थोड्या सैल लागतात, नवख्या बोटांना बेंड करायला, म्हणजे तार ताणून सूर चढवायला, सोपं जातं. चिकटवलेल्या मानेची एपिफोन स्टँडर्ड याहून बरीच महाग आहे. मन तिच्यावरच असेल तर सहा महिने थांबा, किंवा जुनी शोधा आणि पाहायला जाताना जाणत्या माणसाला सोबत न्या. विकायची वेळ आली तर एपिफोनला गिऱ्हाईक मिळतं. खोटी गिब्सन प्रामाणिकपणे विकायला गेलात तर सुट्या भागांची किंमत येईल.

दुकानात शंका आली तर वाद घालू नका, पक्कं बिल मागा. त्यावर ब्रँड, मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून द्या म्हणा. खोटा ट्रेडमार्क लावलेला माल विकणं हा १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १०४ खाली गुन्हा आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. त्यामुळे बिलावर ‘गिब्सन’ लिहायची वेळ आली की बहुतेक ठिकाणी सूर बदलतो, नुसतं ‘गिटार, एक नग’ लिहून देतो म्हणतात. ओरिजिनल म्हणून विकून फसवलं असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

आमच्या त्या मुलाकडे बिलच नव्हतं. आम्ही फ्रेटची टोकं कानशीने घासली, तारा बदलल्या, नशिबाने ट्रस रॉड फिरला. आता तो तीच गिटार घेऊन क्लासला येतो आणि चांगली वाजवतो. हेडस्टॉकवरचं नाव त्याने स्वतःच खरवडून काढलं.