पेलेलिऊची एक दिवसाची वॉर टूर: पोहणं कमी करा, डोंगर वाढवा

पाच पैकी साडेतीन. गाइड नसता तर दोन दिले असते.

पलाऊ या पॅसिफिकमधल्या बेटांच्या देशात लोक डायव्हिंगला जातात, आम्हीही त्यासाठीच गेलेलो, पण मावसभाऊ दुसऱ्या महायुद्धाचा वेडा, तो म्हणाला अमेरिका आणि जपान जिथे भिडले त्या पेलेलिऊ बेटाला एक दिवस द्यायचाच, म्हणून कोरोर या तिथल्या मुख्य शहरातून ही दिवसभराची टूर घेतली. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. पैसे अमेरिकन डॉलरमध्येच, पलाऊला स्वतःचं चलन नाही. स्पीडबोटीने तासभर लागतो आणि त्या दिवशी लाटा होत्या त्यामुळे कमरेची पार वाट लागली.

पहिला स्टॉप ऑरेंज बीच. एवढासा किनारा, झाडं पाण्यापर्यंत आलेली, आपल्याला वाटतं मस्त जागा आहे चटई टाकून पडावं. गाइड इथलाच, पन्नाशीचा, आवाज अजिबात न चढवता बोलणारा. तो आधी लांब बोट दाखवतो, जिथे लाटा फुटून पांढरी रेघ दिसते तिथे. ते रीफ, म्हणजे पाण्याखालची प्रवाळाची भिंत. १५ सप्टेंबर १९४४ ला सकाळी मरीन्सच्या (अमेरिकेचे समुद्रातून उतरून लढणारे सैनिक) ॲमट्रॅक, म्हणजे पाण्यातून थेट जमिनीवर चढणाऱ्या गाड्या, ते ओलांडून आल्या, आणि रीफपासून वाळूपर्यंत लपायला काहीच नाही, दोन्ही बाजूंनी तोफा. त्याआधी तीन दिवस युद्धनौकांनी बेट भाजून काढलेलं, आता मारायला काही उरलंच नाही असं नौदलाला वाटत होतं. फर्स्ट मरीन डिव्हिजनचा प्रमुख जनरल रुपर्टस तर सांगून बसला होता की तीन-चार दिवसांत आटपेल. संपलं कधी तर २७ नोव्हेंबरला. आणि बेट केवढं, जेमतेम १३ चौरस किलोमीटर!

मग एका खटारा व्हॅनमधून फिरवतात (एसी नाही, खिडकी उघडत नाही, तक्रार क्रमांक एक). गंजलेला जपानी रणगाडा, जंगलात घुसलेली मुख्यालयाची फुटकी इमारत, छोटं म्युझियम. म्युझियमला पंधरा मिनिटं म्हणजे चेष्टा आहे. धावपट्टीवर मात्र थांबा जरा. याच धावपट्टीसाठी सगळी मारामारी. इथून मरीन्सची कॉर्सेअर विमानं उडायची आणि समोरच्याच डोंगरावर नापाम, म्हणजे आग लावणारे बॉम्ब, टाकून परत यायची, अंतर इतकं कमी की चाकं आत घ्यायच्या भानगडीत कोणी पडायचं नाही. २०२४ मध्ये मरीन्सनीच ती दुरुस्त करून परत विमान उतरवलंय.

आता डोंगर. उमुरब्रोगोल, मरीन्सनी नाव ठेवलेलं ब्लडी नोज रिज. ज्यासाठी यायचं ते हेच. डोंगर म्हणायला फार उंच नाही, पण सगळा प्रवाळाचा, कडे, भेगा, घळी. चढताना मी तोल सांभाळायला सहज हात टेकवला तर तळहात सोलवटून निघाला, किसणीवर घासल्यासारखा. गाइडने बाटलीतलं पाणी हातावर ओतलं आणि टाचेने दगडावर ठोकून दाखवलं, टणटण. म्हणाला इथे खड्डा खणताच येत नाही. म्हणजे सैनिकाला लपायला खंदक नाही, फक्त दगड रचून आडोसा करायचा. मॉर्टरचा गोळा पडला की लोखंडाच्या तुकड्यांबरोबर प्रवाळाचे तुकडेही अंगात घुसणार. संडासाला खड्डा नाही. मेलेले पुरता येत नाहीत, ऊन ४५ डिग्रीच्या वर गेलेलं, माश्या इतक्या की विमानातून डीडीटी फवारावं लागलं. आणि पाणी? किनाऱ्यावर तेलाच्या पिंपांतून आणलेलं, पिंपं नीट धुतलेली नव्हती, तहानेने ते प्यायले आणि पोटं धरून बसले. तो हे सांगत होता आणि माझ्या हातात गार पाण्याची बाटली, मला ती कुठे ठेवावी कळेना.

कर्नल पुलरच्या फर्स्ट मरीन रेजिमेंटने या डोंगरावर डोकं आपटलं, सुमारे ३,००० मधले १,७०० च्या वर आठवड्याभरात मेले किंवा जखमी झाले, मग त्यांना मागे घेऊन आर्मीची माणसं आणावी लागली. कारण जपान्यांचा प्रमुख कर्नल नाकागावा याने किनाऱ्यावर आरडाओरडा करत अंगावर धावून जायची जुनी पद्धत सोडून माणसं पाचशेच्या आसपास गुहांत बसवलेली, एकीतून हाकललं की दुसरीतून गोळी. जपान्यांचं काय झालं तर जवळजवळ ११,००० पैकी जिवंत हाती लागले दोनशेच्या आसपास, त्यातही बहुतेक कोरियन आणि ओकिनावाचे मजूर.

आणि अशा जागेला टूरमध्ये चाळीस मिनिटं! जेवण आणि पोहण्याला दीड तास. अरे पोहायला अख्खा पलाऊ पडलाय ना. हजार माणसांची म्हणतात त्या गुहेत नऊ जणांत एक टॉर्च. त्या अंधारात बाटल्या अजून तशाच पडल्यात, माझा पाय लागून एक गडगडली आणि सगळेच एकदम गप्प झाले. बेटावरच्या गुहांत ३४ जपानी लपून राहिले होते आणि एप्रिल १९४७ मध्ये बाहेर आले, युद्ध संपून दीड वर्ष उलटल्यावर. हे गाइडने बाहेर येऊन सांगितलं ते बरं केलं, आत सांगितलं असतं तर मी पळालोच असतो.

एक गोष्ट गाइडनेही सांगितली नाही, ती मावसभावाने परतीच्या बोटीत ओरडून ओरडून सांगितली. अमेरिकन जनरल मॅकआर्थर फिलिपिन्सवर चढाई करायला जाणार म्हणून त्याची बाजू सांभाळायला हे बेट हवं होतं, पण उतरायच्या दोन दिवस आधी अमेरिकन नौदलाच्याच ॲडमिरल हॅल्सीने हे रद्द करा असं सुचवलेलं. त्याचा वरिष्ठ ॲडमिरल निमिट्झ याने ऐकलं नाही, जहाजं निघालेली होती. गरज होती का यावर लोक अजून भांडतात. निदान पाच मिनिटं तरी टूरमध्ये यावर हवीत की नाही?

जाणार असाल तर बुकिंग करतानाच सांगा, डोंगर सकाळी, पोहणं नको. जाड तळाचे बूट, हातमोजे, स्वतःचा टॉर्च. रस्ता सोडून झाडीत शिरू नका, न फुटलेले बॉम्ब अजून सापडतात. आणि पाणी माणशी दोन बाटल्या जास्त घ्या, यांनी दिलेलं डोंगरावरच संपतं.