शिराझ या लाल वाइनसाठी स्टीलची टाकी की ओकचं पिंप?

नाशिक मुळात खायच्या द्राक्षांचा, थॉमसन सीडलेसचा मुलूख. १९९७ मध्ये सुला या वाइन कंपनीनं इथे वाइनची द्राक्षं लावली, २००१ मध्ये राज्याचं द्राक्षप्रक्रिया धोरण आलं, आणि मग छोट्या वायनरीही उभ्या राहिल्या.

अशा वायनरीला टाकी स्वस्त पडते. धुवायला सोपी, जॅकेटमधून, म्हणजे बाहेरच्या दुहेरी भिंतीतून, गार पाणी फिरवून तापमान राखता येतं, फळाचा वास ताजा राहतो. फक्त अर्धवट भरून ठेवू नका. वरच्या हवेनं वाइन बिघडते. तरंगतं झाकण तरी लावा, नाहीतर नायट्रोजन सोडा.

पिंप साधारण २२५ लिटरचं. लाकडातून झिरपणाऱ्या किंचित हवेनं टॅनिन, म्हणजे वाइनचा तुरटपणा, मऊ होतं, व्हॅनिलाचा, मसाल्याचा गंध उतरतो. हा गंध चार-पाच वापरांत जवळजवळ संपतो, तो पुन्हा हवा तर नव्या पिंपाचा खर्च. शिवाय वाइन उडत राहते, म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी तोंडापर्यंत भरावं लागतं. कंटाळा केलात तर जिवाणू तिचं व्हिनेगर करतात. रिकामं पिंप वाळलं की फळ्या आकसतात आणि ते गळतं. आधी गरम पाण्यानं फुगवून घ्या.

काढणी मार्चपर्यंत उरकते आणि लगेच उन्हाळा. थंड खोली नसेल तर पिंपाच्या नादी लागूच नका.