काळा धूर, 48 हजारांचं एस्टिमेट आणि एक फाटका रबरी पाइप

गेल्या जूनमध्ये चिपळूणहून कराडला येताना कुंभार्ली घाटात एका दुचाकीवाल्याने हात करून मला थांबवलं. मागे त्याची बायको, तिच्या कुशीत दीड-दोन वर्षांचं पोर, आणि ते पोर सारखं खोकत होतं. "दादा, गाडीचं काहीतरी बघा. मागे चालवता येत नाही," एवढंच म्हणाला आणि पुढे निघून गेला. धूर मला आरशात दिसत होता. जुन्या डिझेल गाड्या घाटात थोडा टाकतातच, अशी मी मनाची समजूत घालून घेतली होती. ते पोर पाहिल्यावर मात्र लाज वाटली.

गाडी 2012 ची, बीएस-4 (प्रदूषणाचा जुना निकष), कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त दाबाचं डिझेल), टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा), 1 लाख 62 हजार किलोमीटर. वडिलांनी घेतलेली, आमच्याच हातात वाढलेली. पुढच्या वर्षी तिला 15 वर्षं होतील, मग पुन्हा पासिंग आणि ग्रीन टॅक्स. त्यामुळे आता तिच्यावर एकेक हजार रुपया घालताना मी विचार करतो, हे आधीच सांगतो.

आल्या आल्या पीयूसी करून बघितली. बीएस-4 डिझेलला धुराची मर्यादा 1.62, माझी गाडी 2.38. जुनं प्रमाणपत्र सप्टेंबरपर्यंत होतं, म्हणजे तीन महिने हातात होते.

सर्व्हिस सेंटरला गाडी दिली. त्यांनी स्कॅनर लावला, बिघाडाचा एकही कोड आला नाही. संध्याकाळी एस्टिमेट हातात दिलं: चारही इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) नवीन, 48 हजार. मी विचारलं, चौघांतला कुठला खराब आहे? "सेटच बदलावा लागतो सर." तपासला कसा? त्यावर उत्तर नाही. याचा राग मला अजून आहे. 48 हजारांचा आकडा लिहिणाऱ्या माणसाने बॉनेटखाली हात घालून दहा मिनिटंही बघितलं नव्हतं.

मग मी स्वतः वाचायला आणि बघायला लागलो. धुराचा रंग आणि वेळ, या दोन गोष्टी आधी पक्क्या करा. काळा म्हणजे जळायला हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळसर म्हणजे ऑइल जळतंय: टर्बोचं सील, व्हॉल्व्ह सील, रिंगा, किंवा कुणीतरी डिपस्टिकच्या वरच्या खुणेपलीकडे ऑइल भरून ठेवलंय. पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा म्हणजे न जळलेलं डिझेल. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा येतोय, गोडसर वास आहे, कूलंट कमी होतंय, तर गाडी चालवू नका, हेड गॅस्केट बघा. माझा धूर काळा, आणि तोही फक्त चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की. आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) सायलेन्सरसमोर पांढरा रुमाल धरला तरी फारसा डाग पडत नव्हता. ही गोष्ट मी लिहून ठेवली होती, पण तिचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

जुलैत टाकीत इंजेक्टर क्लीनर टाकला, दोन बाटल्या, 1,300 रुपये. फरक पडला असं मी चार जणांना सांगितलं. ते मी मागे घेतो. त्या पंधरवड्यात गाडी फक्त सपाट हायवेला चालली होती, घाट चढलीच नव्हती. पाटणच्या पुढे गेलो आणि धूर होता तसाच.

ऑगस्टमध्ये ईजीआर व्हॉल्व्ह काढून साफ केला. आत काजळीचा थर बोटभर. व्हॉल्व्ह अर्धवट उघडा अडकला की जळलेला धूर परत इंजिनात जात राहतो आणि ताज्या हवेला जागा उरत नाही, म्हणून साफ करणं योग्यच होतं. पिकअप थोडा सुधारला, धूर थोडा कमी झाला. एकाने पत्रा लावून ईजीआर कायमचा बंद करायला सांगितलं. ते मी केलं नाही. मागच्याच्या नाकातला त्रास कमी करायचा म्हणून सुरुवात केली आणि शेवटी विषारी वायू वाढवणारं काम करायचं, हे मला पटलं नाही.

सप्टेंबरमध्ये एका ओळखीच्याने डिझेल पंप आणि नोझल (इंजेक्टरचं टोक) दुरुस्त करणाऱ्या जुन्या चाचांकडे पाठवलं. त्यांनी स्कॅनर काढलाच नाही. "नोझल नंतर बघू. गाडी चढावर शिट्टी मारते का?" मारत होती. गेलं वर्षभर मारत होती, आणि टर्बो जुना झालाय म्हणून मी सोडून दिलं होतं. चाचांनी इंजिन बंद केलं, टर्बोकडून इंटरकूलरला (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीला) जाणारा रबरी होज पाइप हाताने वाकवला आणि मला टॉर्च धरायला लावली. खालच्या बाजूला, वरून कधीच दिसणार नाही अशा जागी, दोन इंच चीर. त्याच्या बरोबर खाली चॅसीवर ऑइलने भिजलेल्या धुळीचा काळा पट्टा.

या पाइपबद्दल मला जरा जास्त बोलू द्या, कारण सगळं कोडं तिथेच होतं. एअर फिल्टरनंतरचा सेन्सर आत येणारी हवा मोजतो आणि त्या हिशेबाने कॉम्प्युटर डिझेल सोडतो. मोजलेली हवा पुढे चिरेतून बाहेर गेली, तरी डिझेल मात्र आधीच्या हिशेबाचंच पडतं. ते पूर्ण जळत नाही, त्याची काजळी होते. आयडलिंगला टर्बोचा दाब नसतो, चीर मिटलेली राहते, म्हणून वर्कशॉपमध्ये उभ्या गाडीत काही दिसत नाही. लोड आला, दाब वाढला की चीर ओठासारखी उघडते. माझ्या रुमालावर डाग का नव्हता ते तिथे उभ्या उभ्या कळलं. टर्बोतून येणारी ऑइलची वाफ रबर आतून मऊ करते, म्हणून बहुतेक वेळा खालची बाजू आधी जाते. पाइप, नवीन क्लिपा आणि मजुरी मिळून 2,350 रुपये. पैसे वाचवायला जुनी क्लिप परत लावू नका, सैल क्लिपमधूनही हवा तशीच निघते.

त्याच रविवारी कुंभार्ली चढलो. मित्र मुद्दाम मागे दुचाकीवर होता. वर आल्यावर म्हणाला, काळा नाहीच. शिट्टीही गेली. मी घरी येऊन हा अनुभव लिहायला घेतला, आणि त्यात इंजेक्टरचं नाव काढणाऱ्यांवर चांगला परिच्छेदभर राग काढला होता.

तो परिच्छेद मला खोडावा लागला. दुसऱ्या दिवशी पीयूसीला 1.71 आलं. पुन्हा नापास.

परत चाचांकडे. त्यांनी चारही इंजेक्टरच्या रिटर्नला (न फवारलेलं डिझेल परत जातं त्या तोंडाला) सलाईनच्या नळ्या जोडून चार बाटल्या लावल्या आणि गाडी तीन मिनिटं आयडलिंगला ठेवली. तीन बाटल्यांत साधारण 20 मिली, तिसऱ्या नंबरच्या बाटलीत 55. तो एक इंजेक्टर काढून बेंचवर (तपासणीच्या मशीनवर) लावला, तर नोझल फवारा मारायच्या ऐवजी थेंब सोडत होता. म्हणजे सर्व्हिस सेंटरवाले दिशेला चुकले नव्हते, हे मान्य करायलाच हवं. पण खराब होता एक, आणि ते कळायला चार बाटल्या पुरल्या. नोझल, व्हॉल्व्ह, खालचा तांब्याचा नवीन वॉशर आणि मजुरी, 7,200. हे काम घरी करू नका. चालू इंजिनात इंजेक्टरला डिझेल नेणाऱ्या नळ्यांमधला दाब शेकडो बारचा असतो, कातडीतून डिझेल आत घुसतं.

ऑक्टोबरमध्ये पीयूसी 0.84. सगळा खर्च, ईजीआरची सफाई आणि क्लीनरच्या वाया गेलेल्या बाटल्यांसकट, 12,650. अ‍ॅव्हरेज 15 वरून साडेअठरा. पाय न दाबता पाटणचा चढ तिसऱ्यात जातो, जो गेली दोन वर्षं दुसऱ्यात जायचा.

सध्या कराडात थंडी आहे आणि सकाळी स्टार्टला मिनिटभर पांढरट धूर येतो, मग जातो. मल्टिमीटर लावला तर चारपैकी दुसऱ्या नंबरचा ग्लो प्लग (थंड इंजिन स्टार्टला आतून गरम करणारा) मेलेला निघाला. एकच मागवला आहे, शनिवारी बसवतो.